संगणक अक्षरे कशी मोजतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. संगणकाला दोन्ही लिप्या चालतात का? एक सोपा प्रयोग करून पाहा.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आहे. हॉलंडच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती 1991 साली प्रसिद्ध केली. तिच्यात ‘लेन’ नावाची आज्ञा आहे. तिच्या कंसात अवतरणचिन्हे देऊन शब्द लिहिला, की ती त्यातील चिन्हे मोजते.

‘लातूर’ लिहा. उत्तर येते 5. आपल्याला तर तीनच अक्षरे दिसतात! पण संगणक काना आणि ऊकारही वेगळे मोजतो. आता तेच नाव उर्दूत लिहा: लाम, अलिफ, ते, वाव, रे. पुन्हा 5! (जेर-जबर लिहू नका, नाहीतर तेही मोजले जातील.) नांदेडचे उत्तर दोन्ही लिप्यांत 6 येते. मराठीत अनुस्वार मोजला जातो, तर उर्दूत त्या जागी नून असतो.

शेजारच्या परभणीचे मात्र जुळत नाही. मराठीत 5, उर्दूत 6! मराठीत ‘भ’ हे एकच चिन्ह आहे. उर्दूत त्यासाठी ‘बे’ आणि ‘दोचश्मी हे’ अशी दोन अक्षरे लागतात.

आता कंधार आणि औसा ही नावे घ्या. आधी वहीत मोजा, मग संगणकाला विचारा.