शेतकऱ्यांचा बाजार व त्याचे कारभारी

पीक कसें काढावें याविषयीं आम्ही या मासिकांतून पुष्कळ लिहीत आलों आहों. पिकलेला माल कोठें व कसा विकावा याचाही विचार वेळोवेळीं होत असतो. परंतु ग्राहकांस थेट माल विकण्यासाठीं शेतकऱ्यांनीं स्वतःचा बाजार उभा केला, तर तो चालवावयाचा कोणीं, हा प्रश्न बहुधा मागें पडतो. ओटे, छपरें व तराजू यांचा खर्च सर्वांस सुचतो. पण सकाळीं हजेरी घेणारा, जागा वांटून देणारा, तंटा मिटविणारा, आणि प्रसंग आल्यास आपल्याच शेजाऱ्यास ‘हा माल तुझ्या शेतांतला नव्हे’ असें तोंडावर सांगणारा मनुष्य कोण असावा, याचा विचार आरंभीं कोणी करीत नाहीं. बाजार मोडूं लागतो तो मात्र याच ठिकाणीं.

महाराष्ट्रांत या प्रश्नास आतां विशेष महत्त्व आलें आहे. १९६३ च्या कायद्यानें शेतमालाची मोठी विक्री बाजार समित्यांच्या आवारांत बांधली गेली होती. २०१६ सालीं सरकारनें फळें व भाजीपाला या नियमनांतून मोकळा केला, आणि संत सावता माळी यांच्या नांवानें शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरविण्यास उत्तेजन दिलें. जेथें पूर्वीं अडत्या उभा असे, तेथें आतां आपल्यांतीलच गट व मंडळ्या कारभारी म्हणून उभ्या राहिल्या आहेत. अडत्यास बोल लावणें सोपें होतें. आतां बोल लागला तर तो आपल्यासच लागावयाचा. म्हणून शंभराहून अधिक वर्षें चालत आलेल्या एका परदेशी बाजाराचा कारभार येथें अभ्यासासाठीं घेतला आहे. हा बाजार म्हणजे अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहराचा पाइक प्लेस बाजार होय.

बाजाराचा जन्म

१९०६-०७ च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या भोंवतालचे शेतकरी आपला माल शहरांतील अडत्यांच्या वखारींत टाकीत. माल विकल्यावर जें येईल, त्यांतून वखारवाल्यानें आपलें वजा करून उरेल तें शेतकऱ्यास द्यावें, अशी रीत होती. पुष्कळदां शेतकऱ्याच्या हातीं नफा म्हणून कांहींच उरत नसे. इकडे शहरांत एका वर्षांत कांद्याचा भाव सुमारें दसपट चढला. पिकविणारा रडे आणि खाणाराही रडे. आमच्या कांदा पिकविणाऱ्या वाचकांस ही गोष्ट परदेशची म्हणून वाटणार नाहीं.

त्या वेळीं टॉमस रेव्हेल या नगरसभेच्या सभासदानें १८९६ चा एक जुना ठराव पुढें आणला. सार्वजनिक बाजारासाठीं जागा नेमून देण्याचा अधिकार त्या ठरावानें शहरास मिळालेला होता. हातीं असलेला अधिकार वापरावा, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. १७ ऑगस्ट १९०७ या दिवशीं बाजार उघडला. पहिल्या दिवशीं अवघ्या आठ-दहा गाड्या आल्या. परंतु गिऱ्हाइकांची इतकी झुंबड उडाली कीं दोन प्रहरांच्या आंतच सर्व माल संपला, आणि पुष्कळ लोकांस रिकाम्या हातीं परतावें लागलें. आठवड्याभरांत गाड्यांची संख्या सत्तरांवर गेली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फ्रँक गुडविन याच्या खटपटीनें छपराची पहिली इमारत उभी राहिली.

यांत तीन प्रकारचीं माणसें एकत्र आलेलीं दिसतात. अधिकाराचा उपयोग जाणणारा एक, भांडवल घालणारा दुसरा, आणि अडत्याचा रोष पत्करून गाडी जुंपणारा शेतकरी तिसरा. यांतील एक जरी नसता, तरी दुसऱ्या दोघांच्या हातून कांहीं झालें नसतें.

हजेरी घेणारा

बाजार गजबजला कीं पहिला तंटा जागेवरून होतो. कोपऱ्यावरच्या ओट्याचा माल आधीं खपतो, आंतल्या बाजूचा पडून राहतो. यासाठीं पाइक प्लेस बाजारांत एक अंमलदार असतो; त्यास तेथें ‘मार्केट मास्टर’ म्हणतात, आपण त्यास बाजारमास्तर म्हणूं. सकाळीं हजेरी पुकारून तो त्या दिवसाच्या जागा वांटतो. कोण किती वर्षें बाजारांत येत आहे त्या ज्येष्ठतेचा क्रम ठरलेला असतो, आणि शेतकऱ्यास अग्रहक्क असून कारागिराचा पाळा त्यामागून येतो.

हें काम वरवर हलकें दिसतें. परंतु बाजाराची सारी अब्रू या मनुष्याच्या हातीं असते. त्यानें एक दिवस आपल्या सोयऱ्यास बरा ओटा दिला कीं दुसऱ्या दिवशीं नियमाची किंमत गेली. म्हणून क्रम लेखी असावा, तो सर्वांस दिसेल असा लावलेला असावा, आणि मास्तरच्या मर्जीस त्यांत शक्य तितका कमी वाव असावा. चांगला मास्तर आपला अधिकार स्वतःच नियमानें बांधून घेतो, कारण त्यामुळें रोष त्याच्यावर न येतां नियमावर जातो, व नियमाविरुद्ध तक्रार असेल तर ती पंचांपुढें मांडतां येते.

शेत पाहणारा

पाइक प्लेसचें ब्रीदच ‘पिकविणाऱ्यास भेटा’ असें आहे. परंतु ओट्यामागें उभा असलेला मनुष्य खरोखर पिकविणारा आहे हें ठरवावें कसें? या बाबतींत न्यूयॉर्क शहरांतील ‘ग्रीनमार्केट’ या संस्थेचा धडा अधिक उपयोगी आहे. १९७६ च्या जुलैंत बॅरी बेनेपी व रॉबर्ट लुइस या दोघांनीं एका मोकळ्या जागेंत मूठभर शेतकऱ्यांस घेऊन तो बाजार सुरू केला. पुढें शहरभर त्याच्या अनेक शाखा झाल्या. तेथील मुख्य नियम असा कीं, जें स्वतः पिकविलें तेंच विकावें. शेतकऱ्यानें कोणतें पीक किती लावणार याचें टिपण आधीं द्यावें लागतें, आणि संस्थेचे तपासनीस शेतावर जाऊन तें ताडून पाहतात. ओट्यावर जो माल आहे तो त्या रानांत होऊं शकतो कीं नाहीं, हें पाहण्याचा त्यांस अधिकार असतो. नियम कसे असावेत याविषयीं सल्ला देण्यासाठीं शेतकरी व ग्राहक या दोघांचीही समिती आहे.

हा मुद्दा फार नाजूक आहे. आपलीं वांगीं संपलीं म्हणून शेजारच्या मंडईंतून दोन करंड्या आणून ओट्यावर ठेवणें, यांत पुष्कळांस गैर वाटत नाहीं. गिऱ्हाईक परत जाऊं नये एवढाच हेतु असतो. परंतु अशा चार ओट्यांमुळें पांचवा ओटा तोट्यांत येतो. मंडईचा माल घाऊक भावानें स्वस्त मिळतो. ज्यानें घरचाच माल आणला त्यास त्या भावाशीं टक्कर द्यावी लागते. हळूहळू खरा शेतकरी घरीं बसतो, व्यापारी शेतकऱ्याचें नांव लावून उभा राहतो, आणि ग्राहकास हें कळलें कीं तोही येईनासा होतो. म्हणून या नियमांत दया दाखविणें म्हणजे प्रामाणिक सभासदावर अन्याय करणें होय. पहिल्या खेपेस समज, दुसऱ्या खेपेस कांहीं आठवडे बंदी, व तिसऱ्या खेपेस जागा रद्द, असा क्रम आधींच ठरवून ठेवावा. म्हणजे प्रसंगीं कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं.

पंचमंडळ व त्याचे प्रमाद

पाइक प्लेसवर संकटेंही आलीं, आणि त्यांतूनच कारभाराचें खरें शिक्षण होतें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें माल विकणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या पांचशेंच्या घरांत होती, व त्यांत जपानी वंशाचे शेतकरी बहुसंख्य होते. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं निघालेल्या सरकारी हुकमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील या लोकांस घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ जण शेतीवर परत आलेच नाहींत. १९४९ पर्यंत बाजारांतील शेतकऱ्यांची संख्या पन्नासाच्या आसपास आली. ज्यांनीं ओटे भरले होते त्यांच्या जाण्यानें ओटे ओस पडले. बाजार म्हणजे छप्पर नव्हे, माणसें होत, हें याहून कठोर रीतीनें क्वचितच कोणास शिकावें लागलें असेल. त्या शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ आज बाजाराच्या प्रवेशद्वाराशीं चित्रें लावलेलीं आहेत.

पुढें १९६३ सालीं जुना बाजार पाडून तेथें हॉटेल, कचेऱ्या व मोटारी ठेवण्याची इमारत बांधण्याची योजना निघाली. या वेळीं बाजाराच्या मदतीस धांवले ते ग्राहक व नागरिक होत. व्हिक्टर स्टाइनब्रुक या वास्तुशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें ‘बाजाराचे मित्र’ अशी संस्था निघाली, सह्या गोळा झाल्या, आणि २ नोव्हेंबर १९७१ रोजीं शहरानें मतदान करून बाजार राखला. १९७३ सालीं कारभारासाठीं स्वतंत्र सार्वजनिक मंडळ स्थापन झालें. त्यांत बारा सभासद असून ते वेतन न घेतां काम करतात. चौघांस नगराध्यक्ष नेमतो, चौघांस मंडळच निवडतें, आणि चौघांस बाजाराशीं संबंध असलेले लोक आपल्या मतांनीं निवडून देतात. एका पक्षाच्या हातीं सर्व सूत्रें जाऊं नयेत हा यांतील हेतु उघड आहे.

तरीही या मंडळाच्या हातून एक मोठी चूक झाली. १९८० नंतर पैशाची टंचाई आली असतां करांत मिळणाऱ्या सवलतीचा लाभ विकून पैसा उभारावा, या विचारानें मंडळानें बाजाराच्या इमारतींची मालकी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूकदार मंडळीच्या नांवें कागदोपत्रीं करून दिली. मालकी केवळ कागदावर आहे अशी समजूत होती. १९८६ सालीं कराचा कायदा बदलला, सवलतीचा लाभ गेला, आणि कागदावरचे मालक खऱ्या मालकीचा हक्क सांगूं लागले. नागरिक पुन्हा उठले, दावे चालले, व अखेर १९९१ सालीं साडेबावीस लक्ष डॉलर देऊन बाजार सोडवून घ्यावा लागला. हे सभासद लबाड होते म्हणून हें झालें असें नव्हे. टंचाईच्या काळीं सोपा दिसणारा पैसा घेतांना त्यामागील कागद सर्व सभासदांपुढें नीट उलगडला गेला नाहीं, म्हणून झालें. आमच्या सोसायट्यांच्या सभांत ‘मागील सभेचें वृत्त वाचलें व मंजूर झालें’ असें लिहून जेथें सह्या होतात, त्यांनीं यावरून बोध घ्यावा.

सरकारी बाजार व आपला बाजार

आपल्या देशांतही या दिशेनें पुष्कळ काम झालें आहे. १९९९ सालीं आंध्र प्रदेशांत ‘रयतु बाजार’ व तामिळनाडूंत ‘उळवर संदै’ या नांवांनीं शेतकऱ्यांचे बाजार सुरू झाले. शेतकऱ्यास ओळखपत्र, सकाळीं फळ्यावर लिहिलेला भाव, व मोफत जागा, अशी तेथील व्यवस्था चांगली होती. परंतु तामिळनाडूंत २००१ सालीं राज्य बदललें, आणि नव्या सरकारनें या बाजारांकडे दुर्लक्ष केलें. २००६ सालीं जुना पक्ष परत आल्यावर त्यांस पुन्हा ऊर्जितावस्था आली. सरकारची मदत अवश्य घ्यावी. परंतु किल्ल्या सर्वस्वी सरकारी अंमलदाराच्या कमरेस असल्या, तर बदली व निवडणूक यांबरोबर बाजाराचें दैव फिरतें. सिअ‍ॅटलच्या बाजारास जें तारण मिळालें, तें आपल्या मतानें तो राखणाऱ्या ग्राहकांकडून मिळालें.

आपण काय करावें

जेथें असा बाजार चालू आहे वा निघावयाचा आहे, तेथील मंडळींस आमची विनंति अशी :

१. बाजारमास्तर पगारी असावा, व त्याचा स्वतःचा वा घरच्यांचा ओटा त्या बाजारांत नसावा. फुकट काम करणाऱ्यास जाब विचारतां येत नाहीं.

२. पंचांत माल विकणारे, माल घेणारे व त्या दोहोंहून बाहेरचा असा एखादा हिशेब जाणणारा मनुष्य असावा. विकणाऱ्यांत स्त्रियांस जागा राखावी. पुष्कळ बाजारांत ओट्यावर प्रत्यक्ष बसतात त्या त्याच, आणि गिऱ्हाइकाचें मन त्यांसच अधिक कळतें.

३. पंचांची मुदत ठरलेली असावी, व सर्व पंच एकाच वेळीं बदलूं नयेत; म्हणजे जुन्याचा अनुभव नव्यास मिळतो.

४. पीक-टिपण व शेत-तपासणी पहिल्या दिवसापासून असावी. मागाहून लावलेला नियम विशिष्ट मनुष्यावर लावला असें वाटतें.

५. जमाखर्च दर महिन्यास बाजारांतच फळ्यावर लावावा. कर्ज, गहाण वा मालकीचा कोणताही कागद सर्वसाधारण सभेंत वाचून समजावल्याखेरीज त्यावर सही करूं नये.

कारभारी होणें म्हणजे मान मिळविणें अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः पहांटे सर्वांआधीं येणें, शेवटीं जाणें, आणि आपल्या माणसांचा रोष सोसणें, हें या कामाचें स्वरूप आहे. तें पत्करणारीं चार माणसें ज्या गांवांत मिळतील, त्या गांवानें बाजाराचा विचार खुशाल करावा. न मिळतील तेथें आधीं तीं तयार करावींत, आणि ओटे मागाहून बांधावेत.

बैठकींत चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गटांतील एका ज्येष्ठ सभासदाच्या ओट्यावर बाहेरचा माल सांपडला, तर त्यास समज कोण देईल?

२. आपल्या बाजारावर उद्यां संकट आलें, तर त्याच्या बाजूनें उभे राहतील असे किती ग्राहक आपणांस नांवानिशीं ओळखतां येतात?

३. आपल्या सोसायटीचा शेवटचा करारनामा सभासदांपैकीं किती जणांनीं वाचला आहे?