मर्सरचं घर आणि आपला स्लॅब

गेल्या जुलैत एका रात्री आमच्या रूमच्या छताचा परातीएवढा तुकडा निखळून माझ्या रूममेटच्या कॉटवर पडला. साहेब तेव्हा मेसच्या लाइनमध्ये उभे होते म्हणून वाचले. तुकड्याच्या मागच्या बाजूला सळईचा तांबडा ठसा अगदी स्पष्ट उमटला होता. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला, गंज न खरवडताच त्याने भरपूर सिमेंटचा कडक माल थापला, वर चुना मारला आणि गेला. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो तर पॅच जागच्या जागी, ठणठणीत! भेग मात्र त्याच्या शेजारी, नव्या जागी.

मी लॅबमध्ये सरांना विचारलं, "सर, पॅच चांगला होता, मग असं का झालं?" सर म्हणाले, "चांगला होता म्हणूनच. सेमिनारला काँक्रीटची दुरुस्ती घे, म्हणजे कळेल."

तो सेमिनार करताना मला हेन्री चॅपमन मर्सर भेटला. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं ही विनंती.)

हा माणूस कोण?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला डॉइल्सटाउन नावाचं गाव आहे. मर्सर तिथला. जन्म १८५६, मृत्यू १९३०. हार्वर्डमधून पदवी घेतली, कायदा शिकला, पण वकिली केली नाही. काही वर्षं पुरातत्त्वाचं काम केलं आणि मग मातीच्या, हाताने केलेल्या टाइल्स बनवण्यात रमला. हॅरिसबर्गच्या राज्य विधानभवनाची फरशी त्याच्याच टाइल्सची आहे.

मुख्य मुद्दा म्हणजे तो आर्किटेक्ट नव्हता आणि इंजिनिअरही नव्हता. तरी १९०८ ते १९१२ या काळात त्याने स्वतःसाठी 'फॉन्टहिल' नावाचं घर बांधलं, तेही आरसीसीमध्ये! ४४ खोल्या आणि दोनशेच्या वर खिडक्या. शेजारीच टाइल्सचा कारखाना, तोही काँक्रीटचा. म्हणजे घर आणि स्टुडिओ एकाच आवारात. लगेच पुढे, १९१३ ते १९१६ मध्ये, त्याच गावात जुनी हत्यारं-अवजारं ठेवायला सहा-सात मजली उंच म्युझियमही उभं केलं.

काँक्रीटच का? त्याच्या मावशीच्या घरचा जुन्या चिलखतांचा संग्रह १८७२ च्या बोस्टनच्या मोठ्या आगीत नष्ट झाला होता. ती गोष्ट मर्सरच्या मनात राहिली. लाकडी घर जळतं, काँक्रीट जळत नाही. घर झाल्यावर लोकांची शंका फिटावी म्हणून त्याने छतावर चक्क जाळ पेटवून दाखवला!

घर कसं बांधलं?

हा भाग सिव्हिलच्या मित्रांनी नीट वाचावा. आठ-दहा साधे मजूर आणि ल्यूसी नावाची एक घोडी, एवढीच टीम. माल हाताने कालवायचा आणि ल्यूसीने दोर ओढून तो वर चढवायचा. आधी एलेव्हेशन काढून मग खोल्या बसवायच्या, ही आपली पद्धत मर्सरने उलटी केली. एकेका खोलीचा आतून विचार केला, मातीची मॉडेल्स केली आणि त्यातून बाहेरचा आकार जसा होईल तसा होऊ दिला. जागेवर आधीपासून असलेलं जुनं शेतघर पाडलं नाही, तेही काँक्रीटच्या पोटात घेतलं.

छताची युक्ती तर भारीच. टेकूंवर फळ्यांचा मंच करायचा. त्यावर मातीचा ढीग घालून कमानीचा आकार द्यायचा आणि वर वाळू पसरायची. त्या वाळूत टाइल्स पालथ्या मांडायच्या, तोंड खाली. वरून सळ्या आणि काँक्रीट. माल सेट झाला की टेकू काढायचे. माती धबाधबा खाली पडते, आणि वर बघावं तर अख्खं चित्र छतात बसलेलं! 'कोलंबस रूम'चं छत अशा टाइल्सनी भरलेलं आहे. भिंतींवर फळ्यांचे ठसे तसेच ठेवले आहेत. कपाटं, टेबलंसुद्धा काही ठिकाणी काँक्रीटमध्येच ओतलेली. काँक्रीटच्या जिन्यावर त्याच्या रोलो कुत्र्याच्या पावलांचे ठसेही आहेत.

आपण वायवामध्ये ज्याला 'बॅड फिनिश' म्हणतो, तीच या घराची खरी संपत्ती आहे.

आग नाही, पण पाणी?

मर्सर आगीला पुरून उरला. पण काँक्रीटचा खरा शत्रू पाणी, आणि त्याच्या सोबतीने हवा. थोडी उजळणी करू.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. एवढ्या अल्कलीत सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि पीएच ९ च्या आसपास उतरतो. मग तो थर जातो. पाणी मिळालं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आज आयएस ४५६ मॉडरेट एक्स्पोजरला ३० मिमी कव्हर मागतं. १९०८ मध्ये हाताने कालवलेल्या आणि हाताने ओतलेल्या कामात असं एकसारखं कव्हर कुठून मिळणार?

त्यात तिकडची थंडी. भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे ठेवून हा मार सोसण्याची युक्ती १९३० च्या दशकात सापडली. तोवर मर्सर जग सोडून गेला होता.

मग दुरुस्ती कशी करायची?

खरी पंचाईत इथे आहे. समजा, टाइल्सच्या छतावरची सळई गंजली. खालून जावं तर मर्सरने स्वतः मांडलेल्या टाइल्स उखडाव्या लागतात. वरून जावं तर वरच्या खोलीची फरशी आड येते. काहीच केलं नाही तर एक दिवस टाइल आपोआप खाली. सरसकट फोडून नवीन स्लॅब टाकला तर घर मजबूत होईल, पण ते मर्सरचं राहणार नाही.

म्हणून अशा वास्तूंची पद्धत वेगळी असते. माझ्या वाचनातून काढलेले चार नियम देतो:

१) आधी पाणी. गच्ची, पन्हळी, सांधे, खिडक्यांच्या कडा. पाणी येणं थांबवल्याशिवाय पॅच मारणं म्हणजे रोग सोडून सूज दाबणं.

२) फोडण्याआधी मोजा. कव्हर मीटरने सळई शोधा, हाफ-सेल पोटेन्शियलने गंजाची शक्यता बघा, तुकड्याच्या ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलीन टाका. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत आहे, रंग आला नाही तर गेली.

३) पॅच मूळ मालापेक्षा 'शूर' नको. जुनं काँक्रीट कमजोर आणि सच्छिद्र. त्याला कडक, घट्ट माल चिकटवला की दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं होतं, आणि भेग कडेला पडते. शिवाय क्षार असलेल्या काँक्रीटमध्ये नव्या पॅचमधली सळई सुरक्षित होते आणि गंज शेजारच्या सळईवर सरकतो. सर म्हणाले ते हेच! म्हणून जुन्या मालाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून तशीच वाळू, तशीच खडी घेतात आणि फळीचे ठसेही तसेच उठवतात. आधी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात करून बघतात.

४) कमीत कमी हात लावा आणि केलेलं लिहून ठेवा. १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जाणकाराला वेगळा ओळखता यावा. म्हणजे मर्सरची खोटी सही करायची नाही.

फॉन्टहिल टिकलं ते फक्त मटेरिअलमुळे नाही. मर्सरने मृत्यूपत्रात घर म्युझियम म्हणून राखायची सोय केली, पण घर सांभाळणाऱ्या स्वेन पती-पत्नीला तिथे हयातभर राहण्याचा हक्कही दिला. मिसेस स्वेन १९७० च्या दशकापर्यंत तिथे राहिल्या आणि येणाऱ्यांना घर दाखवत राहिल्या. ज्या घरात माणूस राहतो, तिथलं गळणारं छत पहिल्याच पावसात कळतं. १९८५ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलं आणि आजही बघता येतं.

आपल्या रूमचं काय?

आमचं हॉस्टेल काही ऐतिहासिक वास्तू नाही, हे मान्य. पण मी तो पडलेला तुकडा जपून ठेवला होता. लॅबमध्ये फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन टाकलं. रंग आलाच नाही. मग रेक्टर सरांची परवानगी घेऊन आम्ही दोघं गच्चीवर गेलो. बरोबर आमच्या रूमच्या वर पाणी जायच्या पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा, एक टेनिस बॉल आणि कुणाचीतरी एक स्लीपर अडकली होती. आजूबाजूला शेवाळाचं तळं. बॉल जुनाच असावा, कारण त्याच्यावरही शेवाळ होतं.

आम्ही तोंड मोकळं केलं आणि रेक्टर सरांना दोन पानी रिपोर्ट दिला. पुढच्या दुरुस्तीआधी चाचण्या करू, असं सर म्हणाले आहेत. तोवर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विंगने एकदा गच्चीवर जाऊन यावं.

आणि हो, ती स्लीपर डाव्या पायाची, निळी, नऊ नंबरची आहे. ज्याची असेल त्याने आमच्या रूमवरून घेऊन जावी.

— तृतीय वर्ष, सिव्हिल