हिरवा बिल्ला

तुमच्या मंडळाच्या साप्ताहिक बैठकीला एक तिशीचा तरुण आईबरोबर येतो असे समजा. तो नमस्काराला उत्तर देत नाही, कोणाकडे बघत नाही, आणि टाळ्या सुरू झाल्या की कानांवर हात ठेवून बाहेर जातो. चौथ्या आठवड्यात आई एकटीच येते. पाचव्या आठवड्यात तीही येत नाही. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते. मग काय चुकले?

ऑटिझम म्हटले की आपल्यापुढे लहान मूल येते. पण ती मुले मोठी होतात, शाळा संपते आणि पुष्कळांचे जग घरापुरते उरते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, समाजात राहण्याचा हक्कही आहे. बैठकीत शेजारी कोण बसणार, हे मात्र कायदा ठरवत नाही.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. भाषांतर करताना हा शब्द मला खटकतो. या माणसाला इतरांची गरजच नाही, असे तो आधीच ठरवून टाकतो.

अमेरिकेत १९९६ साली जिम सिंक्लेअर आणि इतर ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःच एक निवासी शिबिर सुरू केले, ‘ऑट्रीट’. तेथे अत्तर लावून यायचे नसे, न विचारता फोटो काढायचा नसे. आणि रंगीत बिल्ले असत. लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावे. हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा.

हिरव्या बिल्ल्याचा विचार करा. आपल्या बैठकीत गप्प बसलेल्यांपैकी कितीजणांचा बिल्ला हिरवा असेल? आणि लाल बिल्लावालाही शिबिराला आलेलाच असे. न बोलता बसणे हेही तेथे सामील होणेच होते.

तेव्हा त्या आईला फोन करा. नुसते “या हो, काही होत नाही” म्हणू नका. त्या तरुणालाच विचारा. बोलणे अवघड असेल तर लिहून. माइकचा आवाज कमी केला तर चालेल का? दाराजवळची जागा ठेवू का? किती वाजता काय होणार, टाळ्या केव्हा, हे आदल्या दिवशी पाठवा. पुस्तके मांडायला आवडेल का, तेही विचारा. पण खरोखर गरज असेल तरच, कारण दयेपोटी काढलेले काम कोणालाही ओळखू येते.

मध्येच तो उठून बाहेर गेला, तर मागोमाग कोणी जायचे नाही. त्याची जागाही दुसऱ्याला द्यायची नाही.