'अँटिलोप' : एका जहाजाचा खटला

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु ती मुक्ती १८६५ साली मिळण्यापूर्वी सुमारे अठ्ठावन्न वर्षे अमेरिकेत एक विलक्षण कायदेशीर स्थिती होती. देशात गुलाम बाळगण्यास मुभा, मात्र बाहेरून नवे गुलाम आणण्यास बंदी. या दोन गोष्टी एकाच देशात कशा नांदल्या, हे पाहायचे तर 'अँटिलोप' जहाजाचा खटला अभ्यासावा.

अमेरिकेच्या राज्यघटनेनेच गुलामांची आयात १८०८ पूर्वी थांबविता येणार नाही, अशी तरतूद केली होती. ती मुदत संपताच आयातबंदी लागू व्हावी म्हणून २ मार्च १८०७ रोजी कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १८०८ पासून तो अमलात आला. त्यात जहाज जप्त करण्याची, दंडाची व कैदेची तरतूद होती. एक प्रश्न मात्र त्याने राज्यांवर सोडून दिला : जप्त जहाजावर सापडलेल्या माणसांचे काय करायचे? जॉर्जियासारख्या राज्याने अशा माणसांचा लिलाव करण्याची सोय करून घेतली. म्हणजे कायदा मोडून आणलेला माणूस कायद्याच्याच हातून विकला जाई. १८१९ च्या कायद्याने ही वाट बंद करण्याचा प्रयत्न केला. अशा माणसांना आफ्रिकेत परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस मिळाला आणि त्यांना पकडून आणणाऱ्या खलाशांना दरडोई पंचवीस डॉलरचे बक्षीस ठरले. १८२० मध्ये गुलामांचा व्यापार हा चाचेगिरीचा गुन्हा ठरून त्यास देहान्त शासन सांगितले गेले.

त्याच १८२० च्या जून महिन्यात जकात खात्याचे 'डॅलस' हे गस्ती जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ फिरत असता कॅप्टन जॉन जॅक्सन यांना एक संशयास्पद जहाज दिसले. त्यावर दोनशे ऐंशीहून अधिक आफ्रिकी माणसे होती. हे जहाज मूळचे स्पॅनिश, नाव 'अँटिलोप'. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'अरागांता' नावाच्या एका खाजगी लढाऊ जहाजाने ते बळकावले होते. याच लुटारूंनी ऱ्होड आयलंडच्या ब्रिस्टल बंदरातील एका अमेरिकन जहाजावरून पंचवीस आफ्रिकी माणसे व कित्येक पोर्तुगीज जहाजांवरूनही आणखी माणसे लुटली होती. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावर 'अरागांता' फुटले. उरलेले खलाशी व लुटलेली माणसे 'अँटिलोप'वर चढविण्यात आली, आणि जॉन स्मिथ नावाचा अमेरिकन नागरिक तिचा कप्तान झाला.

जहाज सव्हाना बंदरात आणले गेले आणि तेथून खटला सुरू झाला. सागरी कायद्यात दावा प्रत्यक्ष जहाजावर व त्यातील मालावर चालतो, म्हणूनच या खटल्याचे नाव 'अँटिलोप' असे आहे. ज्यांच्या स्वातंत्र्याचा तो प्रश्न होता, त्यांपैकी कोणाचेही नाव त्याला नाही. दावेदारांची मात्र कमतरता नव्हती. स्पेनच्या उपवाणिज्यदूताने सुमारे दीडशे माणसे आपल्या देशबांधवांची असल्याचे सांगितले, पोर्तुगालच्या उपवाणिज्यदूताने एकशे तीस मागितली. चाचेगिरीच्या आरोपातून सुटलेल्या स्मिथनेही हक्क सांगितला. कॅप्टन जॅक्सन यांची बाजू तर पाहण्याजोगी आहे : ही माणसे स्वतंत्र ठरली तर सरकारी बक्षीस, आणि गुलाम ठरली तर परकीय मालमत्ता सोडवून आणल्याचा मोबदला! केवळ सरकारी वकील रिचर्ड हॅबरशॅम यांनी ही सर्व माणसे स्वतंत्र आहेत अशी भूमिका घेतली.

सर्किट न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी दिलेला निर्णय वाचून आजही थबकायला होते. अमेरिकन जहाजावरून लुटलेल्या पंचवीसांना अमेरिकेच्या कायद्याचे संरक्षण मिळावे, हे त्यांनी मान्य केले. प्रवासातील मृत्यूंचे प्रमाण धरून हा आकडा सोळा ठरला. पण ते सोळाजण कोणते? न्यायालयाने चिठ्ठ्या टाकून ते ठरविण्याचा आदेश दिला. ज्याचा अपहरणकर्ता अमेरिकन त्याला सुटका, ज्याचा स्पॅनिश त्याला दास्य, आणि कोण कोणत्या वर्गातला हे नशिबावर.

१८२५ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. माणसांच्या बाजूने महान्यायवादी विल्यम वर्ट आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी फ्रान्सिस स्कॉट की उभे राहिले. की स्वतः गुलामांचे मालक होते आणि निकाल देणारे सरन्यायाधीश जॉन मार्शलही. मार्शल यांनी मान्य केले की गुलामांचा व्यापार निसर्गाच्या न्यायाविरुद्ध आहे, कारण आपल्या श्रमाचे फळ प्रत्येकाचे स्वतःचे असते. तथापि न्यायाधीशाने राष्ट्राराष्ट्रांत रूढ असलेला व्यवहार पाहावा आणि त्या व्यवहारात हा व्यापार दीर्घकाळ मान्य होता, असे म्हणून त्यांनी तो आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नसल्याचा निर्वाळा दिला. एका राष्ट्राने केलेली बंदी दुसऱ्यावर लादता येत नाही. म्हणून शांततेच्या काळात पकडलेले परकीय जहाज परत केले पाहिजे.

पोर्तुगालचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण पाच वर्षांत एकही खरा मालक पुढे आला नाही. स्पेनचा आकडाही घटला, आणि कोणती माणसे स्पॅनिश दावेदारांची हे पुराव्याने सिद्ध करा, असे बजावण्यात आले. या तांत्रिक मुद्द्यांनी जितक्यांना वाचविले, तितके निसर्गाच्या न्यायाने वाचविले नाही.

दरम्यान ही माणसे सव्हानात मार्शलच्या ताब्यात राबत होती. कित्येकजण तेथेच मरण पावले. १८२७ साली शेवटचा हिशेब झाला. शंभराहून अधिक लोकांना लायबेरियास पाठविण्यात आले. तेथे त्यांनी वसविलेल्या गावास 'न्यू जॉर्जिया' हे नाव पडले. एकोणचाळीसजण स्पॅनिश दावेदारांच्या वाट्यास आले आणि जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य रिचर्ड हेन्री वाइल्ड यांनी ते विकत घेतले. त्यांना देशाबाहेर नेण्याची न्यायालयीन अट काँग्रेसने पुढे माफ केली.

१८४१ साली 'अमिस्ताद' जहाजावरील आफ्रिकींचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी आपल्या युक्तिवादाचा मोठा भाग 'अँटिलोप'च्या निकालाची चिरफाड करण्यात घालविला. या वेळी न्यायालयाने माणसे स्वतंत्र असल्याचे ठरविले आणि त्यांपैकी पस्तीसजण १८४२ च्या जानेवारीत सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर उतरले.