आवाज मोठा नको, नीट हवा

अगं छोटे, परवा धुळ्याला तुझ्याकडे आले तेव्हा सासूबाई समोर होत्या, म्हणून बोलले नाही. त्या मालिकेचा आवाज चाळीसवर नेतात, तू स्वयंपाकघरातून "कमी करा ना" म्हणतेस, आणि मग दोघीही जेवणापर्यंत गप्प. बाई, चूक त्यांची नाही नि तुझीही नाही. दोष त्या टीव्हीचा आहे.

आता टीव्ही इतका पातळ झालाय की स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवतात. आपल्या नानांचा रेडिओ आठव. लाकडी पेटी, स्पीकर समोर. आकाशवाणी जळगावच्या बातम्या ओट्यावर बसूनही शब्दन् शब्द कळायच्या. शिवाय वय झालं की कानाला आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही अक्षरंच निसटतात. आवाज वाढवला तरी ढोलताशा वाढतो, बोलणं गढूळच राहतं. त्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून कूलर दिवसभर घरघरतो, आणि तुमचा तर नेमका टीव्हीशेजारच्याच खिडकीत आहे.

म्हणून आधी बिनपैशाचं कर. कूलर दुसऱ्या खिडकीत हलव. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा पर्याय असतो, तो लाव. फरशी नि उघड्या भिंतींनी खोली घुमते, तिथे जाड पडदा टाक.

तरी भागलं नाही तर साउंडबार घे. धुळ्यातच आग्रा रोडवर बघ, नाहीतर इकडे जळगावला ये, गोलाणी मार्केटला जाऊ. खोक्यावरच्या हजार वॅटला भुलू नकोस. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचार, आणि बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर आहे का तेही. सासूबाईंना सोबत ने. दुकानदार दणदणीत गाणं लावेल, तू मराठी बातम्या लावायला सांग. कौल त्यांनाच देऊ दे.

जोडणी मात्र नीट कर. आमचा साउंडबार मी आधी ब्लूटूथवर जोडला होता. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचा, आणि आई आठवडाभर वैतागली. टीव्हीमागे ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी लिहिलंय, तिथेच केबल लाव आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू कर. मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. दोन रिमोट झाले की म्हातारं माणूस गोंधळतं, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल लाव. आवाजच आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवड. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद कर, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. सोबत बेसचा डबा आला तर तो कोपऱ्यात ढकलू नकोस; तिथे तो जास्त घुमतो आणि बोलणं परत दाबून टाकतो.

आणि एक, अगदी हळू सांगते. समोरासमोर बोलतानाही सासूबाई "काय?" म्हणत असतील तर आधी त्यांचे कान तपासून घे. डॉक्टरांकडे तू स्वतः सोबत जा, एकटं पाठवू नकोस.

आखाजीला तू माहेरी येशील, त्याआधी हे उरकून टाक. टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठव, कोणती केबल लागेल ते मी सांगते.