शेजारच्या प्रवाळभित्तींची तुलना : एक पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी, सामान्य विज्ञान)



आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. मग समुद्रतळावरील प्राण्यांचा पाठ त्यांना कशासाठी शिकवावयाचा, असा प्रश्न एका शिक्षकांनी मला शाळाभेटीच्या वेळी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, दोन ठिकाणांची न्याय्य तुलना कशी करावी हे या पाठातून उत्तम रीतीने शिकविता येते.

प्रस्तावना : अंगठीतील पोवळे मुलांच्या परिचयाचे असते, तेथून आरंभ करावा. पोवळे हे खनिज नसून सागरी प्राण्याचा सांगाडा आहे. भित्ती रचणारे प्रवाळ त्याच्याच गणगोतातले होत. हे इवले प्राणी मोठ्या संख्येने एकत्र राहून चुन्याचे सांगाडे रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवले असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. म्हणून प्रकाश हा प्रवाळाच्या जीवनाचा आधार होय.

विषयविवेचन : आपल्या राज्यात मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आढळतात. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. आंग्र्यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे.

दोन्ही ठिकाणे एकाच समुद्रातील, परंतु तळावरील वस्ती भिन्न. मालवणचे पाणी किनाऱ्यालगतचे, पावसाळ्यात गाळाने गढूळ होणारे. पुराच्या ओढ्यात तळ दिसत नाही हे मुलांनी पाहिलेलेच असते. अशा पाण्यात प्रकाश खोल पोचत नाही. म्हणून तेथील प्रवाळ उथळ भागात, खडकास चिकटून किंवा गोलसर वाढलेले असे अधिक दिसतात व त्यांना समुद्रशैवालाशी जागेसाठी झगडावे लागते. आंग्रियाचे पाणी किनाऱ्यापासून दूर व निर्मळ असल्याने तेथे अधिक खोलीवरही प्रवाळ जगतात.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून सुमारे एक अंश अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवले बाहेर टाकतो व पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. एरवी उपासमारीने मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० व २०१६ साली हे संकट आले. तेथील अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांवर शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०२२ पर्यंत मोजणी केली. त्या काळात जिवंत प्रवाळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. परंतु खोली व लाटांचा मारा यांनुसार काही जागा लवकर सावरल्या, काही मागे राहिल्या. पहिली मोजणी झाली नसती, तर किती गेले हे आज कोणासही सांगता आले नसते.

कृती : पाणबुडे तळावर मोजपट्टी ताणतात व ठराविक अंतरावर तिच्याखाली काय आहे ते नोंदतात. तीच रीत आपण मैदानावर वापरावी. १० मीटर सुतळी घेऊन दर अर्ध्या मीटरवर एक याप्रमाणे २० गाठी माराव्यात. शाळेजवळचे गवताचे दोन तुकडे, एक पायवाटेलगतचा व एक कुंपणाआतील, निवडावेत. प्रत्येक तुकड्यात पाच ठिकाणी सुतळी ताणून प्रत्येक गाठीखाली हिरवे गवत, वाळलेले गवत, उघडी माती की दगड, ते लिहावे. एकूण १०० नोंदी होतात. म्हणून येणारी संख्या हीच टक्केवारी.

समजा, कुंपणाआत हिरव्या गवताच्या ६२ नोंदी आल्या व पायवाटेलगत ३५. पण पायवाटेलगतच्या पाच ओळींत त्या अनुक्रमे २०, २, १, ९ व ३ असतील, तर केवळ ३५ हा आकडा फसवा ठरतो. म्हणून बेरजेबरोबर प्रत्येक ओळही फळ्यावर लिहावी.

दक्षता :
१. सुतळीची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. चांगले गवत पाहून सुतळी टाकण्याचा मोह मुलांना होतो, व आपल्यालाही.
२. दोन्ही तुकड्यांची मोजणी एकाच दिवशी, सारख्याच रीतीने करावी.
३. फरक दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. पायदळी तुडविणे, सावली, ओल यांपैकी काय कारणीभूत, ते पुढे तपासावे.
४. गवतात विंचूकाट्याचे भय असते. आधी काठीने जागा झाडून घ्यावी.

स्वाध्याय :
१. गढूळ पाण्यात प्रवाळ खोलवर का वाढत नाहीत?
२. एकाच ओळीवरून तुकड्याविषयी मत का बनवू नये?
३. मोजणी वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत केल्यास तुलनेत कोणता दोष येईल?

या नोंदींची वही तारीख घालून शाळेच्या कपाटात जपून ठेवावी. पुढील वर्षाचा वर्ग त्याच जागी, त्याच महिन्यात मोजणी करील, तेव्हा आजच्या मुलांचे काम त्याच्या उपयोगी पडेल.