गोट्यांवर माती घडविणारी ड्रायस

हरभरा किंवा भुईमूग उपटून मुळांवरील गाठी पाहिल्या नाहीत असा शेतकरी विरळाच. वर्गात “हवेतील नत्र जमिनीत कोण साठवते?” असे विचारले की विद्यार्थी एका सुरात “द्विदल पिके” असे उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. गुलाब, सफरचंद आणि आपल्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ज्या कुळात मोडतात, त्याच गुलाब कुळातील एक रानटी वनस्पती उत्तरेकडील हिमप्रदेशात हेच काम करते. तिचे नाव ड्रायस. ही वनस्पती आपल्याकडे लावावी असे मुळीच सुचवायचे नाही. आपला उन्हाळा तिला सोसणार नाही. परंतु जेथे मातीच नाही तेथे माती कशी तयार होते, हे तिच्याइतके स्पष्ट दाखविणारी वनस्पती क्वचितच सापडेल.

ड्रायस हे जमिनीसरपट वाढणारे, काष्ठमय व सदाहरित झुडूप होय. पाने एक-दोन सेंटिमीटर लांब, कडा कातरलेल्या व खाली वळलेल्या, वरून गर्द हिरवी आणि खालून पांढऱ्या लवीची. पानांचा आकार ओक वृक्षाच्या पानासारखा असल्याने ग्रीक कथांतील ओकवृक्षाच्या वनदेवतेवरून हे नाव पडले. तिच्या दोन जाती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पांढऱ्या फुलांची ड्रायस ऑक्टोपेटाला ही युरोपचे उंच डोंगर, आइसलँड, स्कँडिनेव्हिया व ध्रुवाकडील प्रदेशात आढळते. गुलाब कुळात साधारणतः पाच पाकळ्या असतात, हिच्या फुलाला मात्र बहुधा आठ. आइसलँडने २००४ साली हिला राष्ट्रीय फूल म्हणून निवडले. दुसरी पिवळ्या, खाली माना घातलेल्या फुलांची ड्रायस ड्रमंडी ही उत्तर अमेरिकेतील असून नदीपात्रातील गोट्यांवर वाढते. दोन्हींच्या बियांना मोरवेलीच्या बियांसारखी लांब पिसाळ शेपटी असते व त्या वाऱ्यावर दूर जातात.

पांढऱ्या जातीची एक गंमत सूर्यफूल घेणाऱ्या शेतकऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. सूर्यफुलाची कोवळी कळी सूर्याबरोबर वळते. फूल पक्व झाले की पूर्वेकडे तोंड करून स्थिर होते. ड्रायसचे उमललेले फूल मात्र दिवसभर सूर्यामागे फिरते. वाटीसारख्या पाकळ्या ऊन मध्यभागी गोळा करतात व फुलाच्या आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त राहते. स्वीडनमध्ये काही फुले बांधून वळण्यापासून रोखली असता ती थंड राहिली आणि त्यांचे बी हलके भरले. जेथे उन्हाळाच जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, तेथे बी भरण्यासाठी एवढी ऊबही मोलाची ठरते.

हिमनदी मागे सरते तेव्हा

अलास्कातील ग्लेशियर बे हा भाग इ. स. १७९४ मध्ये व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील खलाशांनी पाहिला, तेव्हा तेथे उपसागर जवळजवळ नव्हताच. बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर तेथे पोहोचले तोवर बर्फ सुमारे ५० किलोमीटर आत सरला होता आणि १९१६ पर्यंत तो मुखापासून शंभर किलोमीटरच्या आसपास मागे गेला. बर्फ हटल्यावर मागे उरतो तो गोटे, रेती व दगडाच्या पिठाचा ढिगारा. त्यात सेंद्रिय कर्ब नसतो. चुन्यामुळे सामू ८ च्या जवळ असतो. स्फुरद, पालाश, चुना ही द्रव्ये खडकात असतात, पण नत्र जवळपास शून्य, कारण नत्राचे कोठार खडकात नसून हवेत आहे. आपल्याकडे नव्याने उघडा पडलेला मुरूम डोळ्यांसमोर आणा. त्याहूनही ही जमीन निकृष्ट.

अशा जागी पिवळ्या ड्रायसचे एखादे बी रुजते. वाढ सावकाश होते, पण खोड चहू बाजूंनी सरपटत जाते आणि जेथे जमिनीला टेकते तेथे मुळे धरते. आपण डाळिंबाची फांदी वाकवून दाबकलम करतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त निसर्गाने केलेला. गोल चकत्या वाढत वाढत एकमेकींना भिडतात आणि गोट्यांवर हिरवी गादी पसरते. गादीत वाऱ्याने उडालेली बारीक रेती अडकते, पाने कुजतात, ओल टिकते. हे झाले आच्छादनाचे काम. खरे काम मुळांवर चालते. तेथे पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठी असतात व त्यांत फ्रँकिया नावाचे तंतुमय जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र स्थिर करून झाडाला देतात व त्याबदल्यात झाडाकडून साखर घेतात. पांढऱ्या जातीच्या मुळांवर मात्र प्रयोगांत अशा गाठी धरलेल्या आढळल्या नाहीत. ती मुख्यतः मुळांवरील बुरशीच्या मदतीने अन्नद्रव्ये मिळविते.

ड्रायसनंतर तेथे विलो व आल्डर ही झुडपे येतात. आल्डरच्या मुळांवरही फ्रँकियाच असतो व नत्राचा मोठा साठा आल्डरच करते. क्रॉकर आणि मेजर या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की, आल्डरच्या पालापाचोळ्याखाली वरच्या थराचा सामू सुमारे ८ वरून पन्नास वर्षांच्या आत ५ च्या आसपास येतो. पुढे स्प्रूसचे जंगल उभे राहते. ड्रायस मात्र सावलीत तग धरत नाही व ती तेथून नाहीशी होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पाठ्यपुस्तकांत हा क्रम जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिलेला असतो, तो तसाच सर्वत्र घडतो असे समजू नये. विल्यम कूपर यांनी १९१६ मध्ये ग्लेशियर बेमध्ये एक मीटर लांबी-रुंदीचे कायम चौकोन आखले होते. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, ते पुन्हा शोधून मोजले गेले. काही ठिकाणी आधी आलेली विलोच अजून ठाण मांडून होती. आधी कोण पोहोचले, बी कोठून आले, यावरही बरेच अवलंबून असते.

खत दिल्यास काय होते?

असा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या मनात येणारच. नॉर्वेतील फिन्से येथे पांढऱ्या ड्रायसच्या माळावर जमिनीला अन्नद्रव्ये दिली व सोबत तापमानही थोडे वाढविले. काही हंगामांतच गवते व उंच वाढणाऱ्या वनस्पती माजल्या आणि ड्रायस मागे हटली. गरिबीत टिकण्यासाठी घडलेली वनस्पती सुबत्तेत स्पर्धेला उतरू शकत नाही. हवामान उबदार होत असल्याने शास्त्रज्ञांना या माळांची चिंता वाटते ती याचमुळे.

हिमप्रदेश व ड्रायस यांचे नाते इतके पक्के की, पुराकाळातील थंडीचा एक कालखंडच तिच्या नावाने ओळखला जातो. १९०१ मध्ये डेन्मार्कमधील अलेरॉड येथे विटांसाठी माती काढण्याच्या खाणीत तिची पाने थरांत दबलेली मिळाली. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा तो थंड काळ संपल्यावरच्या स्थिर हवामानात पश्चिम आशियात गहू व सातूची शेती स्थिरावली.

स्ट्रॉबेरीला गाठी का नाहीत?

ड्रायसला जे जमते ते तिच्याच कुळातील स्ट्रॉबेरीला का जमत नाही? २०१८ मध्ये पिवळ्या ड्रायससह अनेक वनस्पतींच्या जनुकांची तुलना झाली. गाठी धरण्यासाठी आवश्यक असे एक जनुक, गाठी नसलेल्या अनेक वनस्पतींत हरवलेले किंवा मोडलेले आढळले. म्हणजे ही क्षमता पूर्वजांकडे असावी व नंतर अनेकांनी ती गमावली असावी. खतावरील खर्च पाहता या संशोधनाकडे जगाचे लक्ष असणे स्वाभाविक आहे. मात्र गाठी धरणारी स्ट्रॉबेरी वा गहू आज कोठेही विक्रीस नाही. कोणी तसे बियाणे वा रोपे देऊ करत असेल तर घेऊ नयेत.

फ्रँकियाचा उपयोग मात्र आपल्याकडे आजही करता येतो. कोकण किनाऱ्यावरील सुरूच्या मुळांवर हाच जिवाणू गट असतो, म्हणूनच सुरू नुसत्या वाळूत तग धरतो. द्विदल पिकांचे रायझोबियम संवर्धक सुरूला चालत नाही, हे लक्षात ठेवावे. रोपवाटिकेसाठी निरोगी, जोमदार झाडाखालील मुळांवरच्या ताज्या गाठी काढून स्वच्छ धुवाव्यात, पाण्यात ठेचाव्यात व ते पाणी पिशवीतील रोपांच्या मुळांपाशी द्यावे. मर लागलेल्या झाडाखालील गाठी किंवा माती आणू नये. लागवडीपूर्वी दोन-चार पिशव्या फाडून मुळांवर गाठी धरल्या आहेत का ते पाहावे. नसल्यास हीच क्रिया पुन्हा करून मगच रोपे शेतात न्यावीत.